शाळेतल्या बाई

चारकोप, सेक्टर आठ
१८ नोव्हेंबर २०२५

चि. संघमित्रा हिस,
सप्रेम जय भीम आणि अनेक आशीर्वाद वि. वि.

तुमच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेची नमुना-प्रत काल शिपायाने आणून दिली. फोनवर बोलून उपयोग नाही, कानात मशीन घातलं की मला माणसांपेक्षा पंखाच जास्त ऐकू येतो, म्हणून लिहिते आहे. वाचून मला शिसारी आली.

सेंट ओडिलियाचा इतिहास लिहून द्या म्हणून तुम्हा कमिटीवाल्यांनीच माझ्या दारी चार खेपा घातल्या. मी उन्हाळाभर बसून लिहिला. मालाडच्या गावठाणात चर्चमागच्या दोन कौलारू खोल्यांत १९५० साली शाळा कशी निघाली, मंगळूरच्या सिस्टर बेनेडिक्टा कोकणीत विचारायच्या आणि पोरं मालवणीत उत्तरं कशी द्यायची, सगळं. १९६४ साली सातवीची फायनल पास झालेल्या आमच्या आईला, म्हणजे तुझ्या आजीला, त्यांनी पहिलीचा वर्ग दिला. वस्तीत दारोदार ठाण मांडून तिने मुलं गोळा केली, चौतीस वर्षं तिथे काढली.

त्याचं इंग्रजी कुणा दिवट्याने केलं? धोंडिराम गुरुजींना त्याने पुजारी करून टाकलंय. शाळेने एक हिंदू पुजारीही नेमला होता, यावरून तिचं मोठं मन दिसतं, असं एक वाक्य वर पदरचं घातलंय. गुरुजींनी बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या गं. आज असते तर छडी घेऊनच आले असते.

खरी घाण पान एकोणीसवर आहे. मी लिहिलं होतं, ‘आमच्या लाडक्या बाई’. तिथे मथळा आलाय ‘अवर लव्हिंग मेड्स’, चौकटीला गुलाबाची फुलं, आणि खाली सोनूबाई, शेवंतीबाई, माणिकबाई. मराठी माध्यमाच्या तिन्ही शिक्षिका. माझ्या आईला मोलकरीण करून ठेवलीय.

आईला अजून दाखवलेलं नाही. पुस्तक आलं का, म्हणून ती रोज विचारते. तेरा डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी तिने चष्म्याची काचसुद्धा बदलून घेतली. तू कमिटीत आहेस. त्या भाषांतरवाल्याचा कान धर आणि छापायला जाण्याआधी सगळं दुरुस्त करून घे.

प्रीतमरावांना जय भीम. लोभ आहेच, तो टिकवायचा तर हे काम आधी कर.

तुझी आत्या,
वनमाला

अंधेरी
२२ नोव्हेंबर २०२५

ती. आत्यास,
सविनय जय भीम वि. वि.

पत्राची सवय नाही, चुका पोटात घाल. तो दिवटा मीच आहे.

आत्या, आजी शाळेत कामवाली होती असंच मला आजवर वाटत होतं. ती नेहमी म्हणते ना, मी शाळेत बाई होते. पप्पाही तेच सांगायचे. आमच्याकडे बाई म्हणजे भांडी घासायला येते ती. आमच्या इंग्लिश मीडियमला सगळ्या मिस आणि टीचर. आजी रिटायर झाली तेव्हा मी चार वर्षांची होते, तिला शिकवताना मी कधी पाहिलंच नाही. पहिलीचा वर्ग दिला, हे तू लिहिलेलं वाचून मला वाटलं, झाडायला दिला असेल. फायनल पास म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून ते गाळलं.

आणखी एक सांगून टाकते. माझ्या साखरपुड्याला आजीला आणू नका, असं पप्पांना मीच सांगितलं होतं. तिला गर्दीचा त्रास होईल हे निमित्त होतं. प्रीतमच्या घरचे सगळे शिकलेले, त्यांच्यासमोर ती म्हणाली असती, मी शाळेत बाई होते. मला लाज वाटली. आता माझीच मला किळस येते.

पुस्तक दुरुस्त झालंय. पान तीनवर सिस्टर बेनेडिक्टांच्या शेजारी आजीचा फोटो आणि खाली ‘पहिल्या मराठी शिक्षिका’. गुरुजी परत शिक्षक झाले, बाकीच्या दोघी बाईही शिक्षकांच्या पानावर गेल्या. पान एकोणीसवर कुणीच उरलं नाही, म्हणून डिझायनर विकी ते पान काढून टाकतोय.

आजीला यातलं काही सांगू नकोस ना, प्लीज. राग ओसरला की पूर्वीसारखी माया कर.

तुझी
मित्रा

चारकोप
२५ नोव्हेंबर २०२५

चि. संघमित्रा,
जय भीम.

आज आशीर्वाद लिहवत नाहीत. पुस्तकाचं कळलं, ठीक झालं.

साखरपुड्याच्या दिवशी सकाळी सातलाच आईने केस विंचरून घेतले होते. तुझ्या पप्पांनी येऊन सांगितलं, हॉलला लिफ्ट नाही, गर्दीत तिला त्रास होईल. मी विश्वास ठेवला आणि आईची समजूत काढत बसले. अर्ध्या वस्तीला जिने अक्षर लावलं तिला तू मोलकरीण समजलीस, आणि समजून वर लपवलीस. मोलकरीण. हा शब्द लिहितानासुद्धा हात विटाळतो.

लोभाचं तुझं तू ठरव.

वनमाला

चारकोप
त्याच दिवशी

चि. मित्रा,
जय भीम.

मालाने पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं. आयुष्यभर वह्या तपासल्या, न वाचता मी काही चिकटवत नाही. तुझंही पत्र तिच्या कपाटात सापडलं.

साखरपुड्याचं वाचून वाईट वाटलं, फार वाटलं. पण शिसारी आली ती तुम्हा दोघींची. तू झाडूवाली समजून आजीला लपवलंस. आणि माला, साठी उलटलेली, शिकलेली, लिहिते की मोलकरीण या शब्दाने हात विटाळतो. माझ्या आईने विटाळ हा शब्द गावच्या विहिरीवर ऐकला होता. तो आता आपल्या घरात, आपल्याच अक्षरात आला. खोडून घेतला नाही, तसाच पाठवते आहे.

शाळेत झाडणारी होती. शकु. माझ्याआधी यायची, माझ्यानंतर जायची. पहिलीतलं एखादं पोर रडून चड्डी ओली करायचं, तेव्हा मी फळ्यावर ‘गमभन’ लिहीत असायचे आणि शकु त्याला धुऊन पुसून परत बाकावर आणून बसवायची. पोरं तिलाही बाई म्हणायची. मी त्यांना दरडावायचे की ती बाई नाही, बाई मी आहे. शकु तिथेच उभी असायची.

मालाच्या इतिहासात शकु नाही. तुझ्या चुकलेल्या पुस्तकात नव्हती, दुरुस्त केलेल्यातही नाही. ते पान काढू नका. मालाने दिलेला मथळा घाला, आमच्या लाडक्या बाई, आणि खाली तिचं एकटीचं नाव द्या. लोभाचं आपण ते पान छापून आल्यावर बोलू.

नाव पूर्ण द्यावं म्हणून मघापासून आठवत बसले आहे. हजेरीपटावर हजारो पोरांची आडनावं मी घोटून घोटून लिहिली. शकुचं आडनाव मला माहीत नाही. चौतीस वर्षांत मी तिला ते कधी विचारलं नाही.

तुझी आजी