न आलेले चार दिवस

आई, पनवेलच्या डॉक्टरीणबाईंनी मला सगळं सांगितलं. तू जाऊन इतकी वर्षं झाल्यावर, एका परक्या बाईनं. मी सोळा वर्षांची असताना मुंबईला नेऊन हर्नियाचं म्हणून जे ऑपरेशन करवलंस, त्यात पुरुषांच्या असतात तशा ग्रंथी माझ्या पोटातून काढल्या होत्या. गर्भाशय जन्मापासूनच नव्हतं. अशी माणसं जगभर जन्माला येतात, म्हणाल्या, यात लाजण्यासारखं काही नाही. तुला हे तेव्हाच सांगितलं होतं ना गं मुंबईच्या डॉक्टरांनी?

पेणला परत आलो आणि तुझं नाटक सुरू झालं. अंगणात पोह्याचे पापड लाटायला आळीतल्या बायका बसल्यात. मी लाटणं उचलते, तशी तू ओरडतेस, "हात नको लावू गो पापडांना! कावळा शिवलाय ना तुला?" मला कधी कावळा शिवलाच नव्हता. पण तुझे डोळे बघून मुकाट पायरीवर जाऊन बसते. मग दर महिन्याला तेच, चार दिवस पायरीवर, वेगळं ताट, सगळ्या आळीला दिसेल असं. विचारलं तर म्हणायचीस, "येईल सावकाश. तवर लोकांना कशाला सांगायचा?" आणि टाळ्या वाजवत तृतीयपंथी दारात आले की मामाच्या बाळासाठी तूच पदर पसरायचीस. मला मात्र आतल्या खोलीत कोंडायचीस, "तुला बघितलं तर घेऊन जातील." त्यांचा आशीर्वाद चालतो आणि पोटची पोर चालत नाही, ही कुठली रीत गं?

त्या पापडवाल्या बायकांनीच रोह्याच्या स्थळाला सांगितलं, "पोरीचा सगला वेळच्या वेळी हाय." लग्न झाल्यावर सासूच्या लक्षात यायला कितीसा वेळ लागणार? "तुझ्या आईनं फसवलं," म्हणत नवऱ्यानं मला पेणच्या एसटीत बसवून दिलं. मला दारात बघून तू काय म्हणालीस? "गप ऱ्हा, लोक ऐकतील." मी वांझ ठरले, खोटारडी ठरले, आणि तू मरेपर्यंत तोंड उघडलं नाहीस. जळो तुझी ती अब्रू!

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "तुम्ही स्वतःला काय मानता?" मी म्हटलं, "बाई. दुसरं काय?" सोळाव्या वर्षी तू विचारलं असतंस तरी हेच सांगितलं असतं. तुलाच खात्री नव्हती.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण खरं सांगते, दवाखान्यातून निघाल्यावर पहिलं मनात आलं ते हेच, की घरी जाऊन आईला सांगते. एसटीत बसेपर्यंत तू नाहीस हे आठवलंसुद्धा नाही. त्याचाच जास्त संताप येतो.