रुचिच्या तीन डब्या

जाफराबाद, मंगळवार

पूज्य जीजीबाईंना धाकट्या भावाचा, शांतिलालचा, सविनय जय जिनेंद्र. जालन्यात सगळे सुखसातेत असाल, तुमचा गुडघा आता वळत असेल. (मारवाडीत लिहिलं की तुमच्या सूनबाई वाचून दाखवताना हसतात, म्हणून मराठीत.)

माझी तब्येत विचाराल तर सकाळपासून दुकान ते घर अकरा चकरा झाल्या. कारण आमच्या रुचिचं शेवाळ. भिंतीवर उगवतं तसलंच मऊ हिरवं, पण काचेच्या तीन डब्यांत. प्रयोगशाळेत दुरुस्ती चालू, म्हणून तिनं ते घरी आणलं आणि चार दिवस विद्यापीठात जाताना माझ्या स्वाधीन केलं. एक डबी साधी. दुसरीत ऑक्सिन नावाचं संप्रेरक, त्यानं पानातल्या पेशी ताणून लांब होतात. तिसरीत सायटोकायनिन, त्यानं एका पेशीच्या दोन, दोनाच्या चार होत राहतात नि कोंबांची गर्दी उठते. झाडाचं पान आणि शेवाळाचं पान कोट्यवधी वर्षांत वेगवेगळ्या वाटेनं घडलं, तरी दोन्हीकडं कारागीर हेच, असं तिला दाखवायचंय. (मला एवढं समजलं याचं मलाच नवल.)

झाकणांवर वाफ दिसली म्हणून मी सॅनिटायझरनं पुसली. वाफ आतून होती. पुसली गेली ती बाहेर मार्करनं लिहिलेली नावं. तिन्ही. तेवढ्यात पोरीचा फोन, "पप्पा, सगळं बराबर?" मी म्हणालो, "बिलकुल!" आणि मंग मार्कर शोधायला लागलो. सहा महिन्यांची मेहनत हो तिची.

अंदाजानं नावं लिहायला बसलो तर आईनं हात धरला. (हो, तीच आपली आई, जी 'अनंत जीव डबीत कोंडले' म्हणून रुचिशी आठवडाभर बोलत नव्हती.) म्हणाली, "खोटं लिहू नको. पोरगी तेच खरं मानून पुढं जाईल." चष्मा लावला, एकेक डबी उजेडात धरली. "ही लांबुडक्या, बारीक पानांची. हिच्यात पानं थोडी, कोंबच गच्च. ही आपल्या अंगणातल्यासारखी." "तुला हे कसं दिसलं?" मी विचारलं. "शेवाळातल्या जीवांवर पाय पडू नये म्हणून साठ पावसाळे खाली बघत चालले रे मी," ती म्हणाली. तिनं सांगितलं तसं लिहिलं, पण जीव थाऱ्यावर न्हाई. चुकलं असलं तर?

तुमचा धाकटा,
शांतिलाल

ता. क. खरं काम हे. रुचि गुरुवारी तुमच्याकडं उतरून मंग इकडची गाडी धरणार. तिला दोन दिवस ठेवून घ्या आणि जेवताना हळूच सांगा. तुमच्यावर ती चिडत न्हाई.

ता. क. २. ठेवून घेऊ नका. आईनंच तिला फोनवर सगळं सांगून टाकलं. पोरगी म्हणाली, नावं डब्यांच्या बुडालाही लिहिलीत, उलटून बघा. बघितलं. आईचं तिन्ही बराबर. आता रुचि आजीला विद्यापीठात घेऊन जाते म्हणते, आणि आईनं दुपारीच पिशवी भरली. मला कुणी बोलावलं न्हाई. तुम्ही जरा सुचवून बघा.