समताचा बिनखाडाखोडीचा निबंध

१९ जानेवारी, सोमवार
शुक्रवारच्या नोंदीत दुरुस्ती. "समताने निबंध एआयकडून लिहून घेतल्याचं कबूल केलं" असं मी लिहिलं आहे. तिने कबूल केलेलं नाही. ती गप्प उभी राहिली. मी ती कबुली धरली. वाक्य खोडलं आहे, पण वाचता येईल असं. शाळेत घालायच्या आधी बाबांनी मला घरीच शिकवलं आणि खोडरबर कधी हातात दिला नाही. चूक दिसली पाहिजे, म्हणायचे.
निर्णयावर मात्र ठाम. चिखलीच्या तालुका स्पर्धेला आमच्या शाळेतून एकच निबंध जातो. समता आणि राजकुमार दोघं माझ्या सातवीतले. राजकुमारचा पाठवला. त्यात नऊ ठिकाणी खाडाखोड. समताच्या दोन पानांत एकही नाही. शिवाय हे वाक्य: "वेचताना आईची बोटं फाटतात, पण कापसावर डाग पडू देत नाही." बारा वर्षांच्या मुलीचं?
एआय ही मुलांच्या डोक्याला लागलेली कीड आहे. माझ्या वर्गात येऊ देणार नाही.

२० जानेवारी
खात्रीसाठी समताचा निबंध एआयलाच दाखवला. (तपासायला वापरणं म्हणजे वापरणं नव्हे.) हे तू लिहिलंस का? उत्तर : एआयने लिहिल्याची शक्यता ९२ टक्के. आरोपीच बोलला.
निश्चिंत. जेवण गेलं नाही, ते वांग्यामुळे.

२१ जानेवारी
समताची आई कलाबाई वेचणीचा रोज बुडवून शाळेत आली. म्हणाली, "मॅडम, आमच्या घरी एकच फोन हाये, अन् तो बी बटनाचा. त्यातून निबंध कसा निघन?" शेजाऱ्यांचा वापरला असेल, असं मी म्हटलं. "शेजारी एवढे कामाचे असते त मी उन्हात काऊन गेली असती?" हेडसर उकंडराव हसले. मी हसले नाही. प्रश्न तत्त्वाचा आहे.
जाताना तिने टेबलावर जुन्या कॅलेंडरची पानं ठेवली. पाठकोऱ्या बाजूला तोच निबंध, पेन्सिलीने, सहा वेळा. काटाकाट एवढी की कागद फाटला आहे.
हे नंतर तयार केलेलं असू शकतं. असू शकतं, एवढंच म्हणते.

२२ जानेवारी
राजकुमारच्या निबंधाला मी जोडलेलं प्रमाणपत्र ("सदर निबंध विद्यार्थ्याने स्वतः लिहिला आहे", खाली माझी सही) एआयला दाखवलं. ९४ टक्के. म्हणजे माझं मराठी समतापेक्षा दोन टक्के बरं.
दुसरा अर्थही निघतो. त्यावर आज विचार करणार नाही.

२३ जानेवारी, शुक्रवार
राजकुमारला सहज विचारलं, एवढं खोडलंस का? तो मोकळेपणाने म्हणाला, "मोबाईलमधलं उतरवलं मॅडम. भाऊ म्हने, मधामधात खोडत जाय, तुह्या मॅडमले आवडते." वर्ग खदखदून हसला. सगळ्यांना ठाऊक होतं. एआय माझ्या वर्गातल्या घराघरांत पोचलं होतं, एक समताचं घर सोडून.
हेडसरांना सांगितलं. ते म्हणाले, "निबंध बदलायले उद्या पाचपर्यंत टाईम हाये. पन सही तुमची हाये न मॅडम? चूक झाली असं दोन ओळीचं पत्र द्या, मी पाचच्या आधी जीपनं पोचवतो." माझं शिक्षणसेवकाचं शेवटचं वर्ष, नोकरीत कायम होणं अजून बाकी. पत्रात शब्द इकडेतिकडे होऊन चालणार नाही. आज रात्री पूर्ण करते.

२४ जानेवारी, शनिवार. संध्याकाळी ५.४०
पहिल्या मसुद्यात "अनवधानाने" आलं, खरं नव्हतं. दुसऱ्यात दोष राजकुमारवर गेला, अन्याय. तिसऱ्यात मी फारच वाईट दिसत होते. तेही अचूक नाही. हेडसरांचे तीन फोन आले, पण लिहिताना मी फोन घेत नाही. चौथा मसुदा नेमका उतरला. घड्याळ पाहिलं तर साडेपाच.
चुकीचं पत्र वेळेत देण्यापेक्षा हे बरं.
सकाळच्या शाळेत निबंध दिला होता, ‘माझा आवडता सण’. समताने तीन ओळी लिहून वही मिटली. एवढंच का, विचारलं. वर न बघता म्हणाली, "जास्त लिवलं त मोबाईलचं वाटते न मॅडम."
तिची माफी मागायची, सगळ्या वर्गासमोर. सोमवारी प्रजासत्ताक दिन, पाहुणे असतात, बरं दिसत नाही. मंगळवार, २७ जानेवारी, परिपाठ संपल्यावर.