डावा स्पीकर

तांडा, मुकुटबन
दि. ६ जानेवारी २०२५

चि. सौ. भुरीबाईस देवसिंगचे अ. उ. आशीर्वाद. जय सेवालाल.

वि. वि. भारतने पुण्याहून त्याचा जुना होम थिएटरचा रिसिव्हर पाठवला. लेकाने स्वतःला नवा घेतला, म्हणून हा बापाला. सोबत पाच स्पीकर आहेत आणि एक मोठा खोका आहे. तो मी आधी बसायचं स्टूलच समजलो होतो. त्यातून म्हणे नुसता ढुमढुम आवाज येतो. तीन दिवस वायरी जोडत होतो. सदतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना नकाशे शिकवले, पण या यंत्राच्या पाठीमागचा नकाशा एका बैठकीत कळला असेल तर शपथ.

जोडून झालं की यंत्र परीक्षा घेतं. त्याच्यासोबत एक इवलासा माइक येतो. आपण जिथे बसून ऐकणार तिथे, कानाच्या उंचीवर तो ठेवायचा आणि घरात कोणी चूं करायचं नाही. मग एकेक स्पीकर पाळीपाळीने सूं सूं करतो आणि कोणाचा आवाज किती ठेवायचा ते यंत्र ठरवतं. मी खुर्चीवर दोन उशा, त्यांवर उलटी पायली आणि पायलीवर माइक ठेवला. पहिल्या वेळी कांताचा कुकर वाजला. दुसऱ्या वेळी कोळशाचा ट्रक गेला. तिसऱ्या वेळी शेजारच्या हरिसिंगची शेळी दारात येऊन बोलली. दर वेळी टीव्हीवर अक्षरं आली की इथे गोंगाट फार आहे. एवढ्या नोकरीत माझ्या वर्गाला असं कोणी तोंडावर म्हटलं नव्हतं. चौथ्या वेळी कांता आणि शेळी, दोघींना बाहेर उभं केलं, तेव्हा कुठे पास झालो.

हा सगळा खटाटोप त्या कॅसेटसाठी. तुझ्या लग्नाआधीच्या होळीत मी नव्या टेपवर भरली होती ती. बापू पुढे होऊन होळीची लेंगी गाणी सांगताहेत, टेपच्या उजव्या अंगाला पुरुष उभे आणि डाव्या अंगाला बाया. भारतने ती पेन ड्राइव्हवर उतरवून दिली. बापूंच्या मागे चाळीस होळ्या मीच लेंगी सांगत आलो. यंदाही सांगणार, आणि त्याआधी तांड्यातल्या नव्या गड्यांना हे ऐकवणार असा बेत आहे. पण पहिल्याच दिवशी घोळ निघाला. उजवा स्पीकर खणखणीत, बापू पुढ्यात उभे आहेत असं वाटतं. डावा मात्र कुजबुजतो, बायांची बाजू जवळजवळ गायब. तू त्या वर्षी गायली होतीस ना, की नुसतीच ओढणी सावरत उभी होतीस?

फोन करू नकोस. तुझा फोन बिघडलेला आहे, तोंडात घास धरून बोलल्यासारखं ऐकू येतं. पत्रच टाक. दाजींना राम राम. लोभ आहेच, तो डाव्या-उजव्या दोन्ही अंगांनी सारखा राहू दे.

तुझा भिया,
देवसिंग

तांडा, केळापूर
दि. १५ जानेवारी २०२५

ती. भियास भुरीचा शि. सा. नमस्कार.

पत्र पावलं. आधी हसले, मग राग आला. मी गायले नाही म्हणतोस? माझा घसा बसला होता, आठ दिवस आपली याडी मला तान्ह्या लेकरासारखं गरम पाणी पाजत होती. बायांच्या रांगेत पहिली मी आणि माझ्या मागे तुझी कांता, तेव्हा नवी नवरी. तिसऱ्या गाण्यात एक वासरू मागून येऊन तिची ओढणी चघळायला लागलं. तिला पत्ताच नाही, ती आपली डोळे मिटून गातेय. मला हसू फुटलं. बापूंनी गाणं तोडून सगळ्या तांड्यासमोर मला झापलं. याला बेचाळीस वर्षं झाली, पण माझं ते हसू कॅसेटमध्ये असायलाच पाहिजे. नीट ऐक आणि कळव.

माझ्या फोनला काही झालेलं नाही. याच फोनवर लेक बबिता पांढरकवड्याच्या दवाखान्यातल्या ड्यूटीवरून रोज बोलते, तिला माझ्या तोंडातला घास ऐकू येत नाही. तूच हॅलो हॅलो करतोस आणि ठेवून देतोस. पण असू दे, मला पत्र लिहायला आवडतं. पाटीवर अक्षर तूच गिरवून घेतलंस, आता भोग.

वणीहून कोणी जाणता बोलाव. स्वतः पाना-पेचकस घेऊन बसू नकोस. तू उघडलेला बापूंचा रेडिओ अजून पोत्यात आहे, हे मी विसरले नाही. आमच्याकडे तुरी काढून झाल्या, थंडी बरी आहे. वहिनीला माझी आठवण सांग. माया अशीच असू दे, आणि मी गायले नव्हते हे वाक्य मागे घे.

तुझी,
भुरी

तांडा, मुकुटबन
दि. २७ जानेवारी २०२५

चि. सौ. भुरीबाईस अ. उ. आशीर्वाद.

वाक्य मागे घेत नाही, कारण पुरावा नाही. तिसरं गाणं अकरा वेळा लावलं. बापू मध्येच कोणावर तरी ओरडतात हे स्वच्छ ऐकू येतं, पण हसण्याचा मागमूस नाही. तू तेव्हा हसली नसशील, नंतर आठवणीत हसली असशील.

तुझ्या सांगण्यावरून वणीहून रेडिओ-टीव्ही दुरुस्तीवाल्या लखनला बोलावलं. त्याने आपलंच एक सिनेमाचं गाणं लावून डावा स्पीकर उजवीकडे आणि उजवा डावीकडे ठेवला. तरी डावीकडचाच बसका. मग मागच्या वायरी अदलाबदल केल्या. तरीही डावीकडचाच. शेवटी लखन म्हणाला की गुरुजी, मले त दोन्हीकून सारखंच ऐकू येऊन राह्यलं, तुम्ही काहून टेन्शन घेता. मी सगळं पहिल्यासारखं लावून घेतलं आणि त्याला चहा पाजून परत पाठवला. दिवसभर कोळशाच्या ट्रकांचे हॉर्न ऐकून त्याचे कान गेले आहेत, बिचाऱ्याला सांगणार कोण.

मग माझ्या लक्षात आलं. खोलीत डाव्या भिंतीला यंदाचा कापूस छतापर्यंत रचलेला आहे. भाव येईपर्यंत घरातच ठेवायचा असं ठरलं होतं. कापूस आवाज पितो, हे विज्ञान आहे. दोन दिवस खपून मी आणि कांताने तो सगळा कापूस उजव्या भिंतीला नेला. माझ्या मिशीत, दाढीत, वरणात कापूस. एवढं करून पुन्हा ऐकायला बसलो, तर कापूस उजवीकडे आणि आवाज मात्र डावीकडचाच कमी. कांताने ज्या नजरेने पाहिलं ती मी तुला पत्रात लिहू शकत नाही.

आता डाव्याचा आवाज रिमोटने शेवटापर्यंत चढवला आहे. माझ्या कानाला बरोबर लागतो, पण आवाज फाटतो, त्यात हसू सापडत नाही, शिवाय तिकडच्या फळीवरची दोन ताटं पडली आणि घरातले सगळे उजवीकडे कापसाला टेकून बसतात. कंपनीला तीन पानी तक्रार धाडली आहे.

बाकी ठीक. परवा तांड्याचे नायक डोंगरसिंग येऊन बसले होते. काहीबाही बोलले, मी हो म्हटलं. होळीची तयारी म्हणून रोज डफावर हात फिरवतो. आठवण धरून ऐसपैस पत्र लिहावे, एवढंच मागणं.

तुझा भिया,
देवसिंग

(याच पाकिटातली चिठ्ठी)

भुरीबाईले कांताचा राम राम.

पाकीट चिकटवाले माह्याकडे देल्लं, म्हणून हे चिठ्ठी आत टाकून राह्यली. तुमच्या भियाले सांगू नका.

नायक आलते ते काय बोलले, मी चुलीपाशी बसून ऐकलं. म्हणे मागच्या होळीले गुरुजी ठेक्याच्या पुढं पुढं पळून राह्यलते, बायांनी गाणं उचललं तरी यायले समजत नव्हतं. यंदा लेंगी हरिसिंगनं सांगावी, गुरुजीची हरकत नसली त. आन् हे हसून हो म्हणले. वरून मले म्हणले चहा टाक. यायले वाटलं नायक चहाचं इचारून राह्यले.

आता रोज डफ घेऊन बसतात आन् मले सांगतात यंदा कोणतं गाणं पहिलं घ्यायचं. होळीच्या दिवशी समद्यासमोर हरिसिंग पुढं झाला त यायच्या जिवाले काय वाटन? माह्यानं सांगवत नाही. डाव्या बाजूनं हाक मारली त ओ देत नाहीत. मी ताटही उजवीकूनच वाढते. बिघाड डब्ब्यात नाही, हे मले त्या कापसाच्या आधीच समजलं होतं. पण मी बोलली त भांडण होते. तुमचं ऐकतीन. लोभ ठेवा आन् चिठ्ठी फाडून टाका.

कांता

तांडा, केळापूर
दि. ६ फेब्रुवारी २०२५

ती. भियास भुरीचा शि. सा. नमस्कार.

कापसाची गोष्ट मी इथे पाच घरी वाचून दाखवली. बबिताला पोटात कळा आल्या हसून. वहिनीला म्हणावं, तुझ्या हिमतीला माझा नमस्कार.

आता माझं एक ऐक. यंत्राने तुझी परीक्षा घेतली, लखनने यंत्राची घेतली, एक परीक्षा माझी राहिली. डाव्याचा चढवलेला आवाज आधी होता तसा कर. वायरी हलवू नकोस, कापूस तर मुळीच नको. फक्त खुर्ची उलटी फिरव. टीव्हीकडे पाठ आणि दाराकडे तोंड. कांतालाही बाहेर पाठव, एकटाच बस आणि तिसरं गाणं लाव. बापू कोणत्या बाजूने ऐकू येतात आणि बाया ऐकू येतात की नाही, एवढंच बघ. जे ऐकू येईल ते आधी मला कळव, कंपनीला नंतर.

आणि भिया, हे हसून लिहीत नाही. बापूंनंतर डफ तू उचललास. चाळीस होळ्या डाव्या हातात, डाव्या कानाशी धरलास. माहेरी आले की झोपलेली असले तरी मी तो ऐकून उठायचे. तुझ्यावर माझा फार जीव आहे. खुर्ची फिरवल्यावर राग आलाच तर माझ्यावर काढ, लखनवर नको. त्यानंतर वहिनीला जवळ बसव आणि नायक त्या दिवशी काय बोलले ते तिला विचार. रागावलास तरी पत्र थांबवू नकोस, मला तेवढाच आधार आहे.

तुझी,
भुरी

तांडा, मुकुटबन
दि. २० फेब्रुवारी २०२५

चि. सौ. भुरीबाईस अ. उ. आशीर्वाद.

वाक्य मागे घेतो. तू हसली होतीस.

खुर्ची फिरवली आणि गाणं लावलं, तर इतके दिवस खणखणीत वाजणारे बापू कुजबुजायला लागले. मी म्हटलं, आता उजवाही गेला. उठून रिमोट शोधणार तेवढ्यात पाठीमागून, उजव्या हाताला, बायांची अख्खी रांग उभी राहिली. पुढे तुझा आवाज, सगळ्यांच्या अर्धं पाऊल आधी, नेहमीसारखी घाई. मग कांताचा, पातळ, लाजरा. तो आवाज मी विसरलो होतो, हे मला तेव्हा कळलं. मग तू हसलीस. खूप हसलीस भुरी, आवरायला गेलीस आणि जास्तच हसलीस. गाणं संपलं तरी रिमोटला हात लावला नाही.

मास्तर आहे, उत्तर कळायला मला वेळ लागला नाही. मान्य करायला चार दिवस लागले. त्या दिवसांत डफ खुंटीवर राहिला आणि रिसिव्हर बंद. मग कांताला नायकांचं विचारलं. तिने सांगितलं आणि ती रडली. मी लाजेने मान खाली घातली. लेंगी सोडायला मी हसत हो म्हटलं होतं आणि वर नायकांना बिस्किटं खाऊ घातली होती.

कांता मला यवतमाळला घेऊन गेली. तिथे एका बंद खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं आणि सूं आवाज आला की बोट वर करा म्हणाले. पायलीवरच्या माइकचं काय होत असेल ते मला कळलं. उजव्या कानाला माझं बोट भराभर वर जात होतं. डाव्याची परीक्षा कधी सुरू होते म्हणून मी वाट पाहत होतो, तर डॉक्टर म्हणाले की गुरुजी, झाली. डावा कान बराच गेला आहे, परत येणार नाही. उजवा जपायचा. कानात घालायला एक यंत्र दिलं आहे, त्यात सध्या सगळं जग कागद चुरगाळल्यासारखं वाजतं.

परत आल्यावर डफ घेऊन मी स्वतःच नायकांकडे गेलो. हरिसिंगला तिथेच बोलावलं आणि डफ त्याच्या हातात दिला. जड गेलं, तुला खोटं कशाला लिहू. तो पाया पडला आणि म्हणाला की गुरुजी, मले कुठं येते तुमच्यासारखं. मी म्हटलं की शिकवतो, पण डफ कानापासून लांब धर. फक्त तिसरं गाणं मी मागून घेतलं आहे. ते एक मी सांगणार, मग पुढे तांड्याची मर्जी. कंपनीला तक्रार मागे घेतल्याचं कळवलं, लखनची माफी मागितली. कापूस मात्र आहे तिथेच आहे, तो हलवायचं नाव मी कांतासमोर काढू शकत नाही.

आता एक विनंती. या होळीला माहेरी ये. आपल्या तांड्यात बाया डाव्या हाताला उभ्या राहतात, बापूंच्याही आधीपासून. यंदा त्यांनी उजवीकडे उभं राहावं असं मी नायकांना विचारलं. ते म्हणाले की बायायले विचारा. कांताने विचारलं, त्या तयार आहेत, पण रांगेत पहिली जागा तुझ्यासाठी रिकामी ठेवली आहे. येण्याचं कळव, वाट पाहतो.

तुझा भिया,
देवसिंग

तांडा, केळापूर
दि. २८ फेब्रुवारी २०२५

ती. भियास भुरीचा शि. सा. नमस्कार.

येते. होळीच्या आदल्या दिवशी बबितासोबत निघते. घसा बसला तर याडी नाही, म्हणून वहिनीला गरम पाणी तयार ठेवायला सांग.

तुझ्या उजव्या कानापाशी, रांगेत पहिली उभी राहीन. एकसष्टी झाली तरी तिसऱ्या गाण्यात मी पुन्हा हसणार आहे, वासरू असो नसो. तुला ऐकू आलं की गाणं तोड आणि बापूंसारखा सगळ्या तांड्यासमोर मला झाप.

तुझी,
भुरी