देव्हाऱ्यातलं शिकंदराचं नाणं

ता. १२ जाने. १९५७
सुमनचं लग्न ठरलं. पोर धाकट्या जावेची, पण वाढली माझ्या मांडीवर. सासूबाईंचा हुकूम, "देवारातली सातेरी तेच्या गळ्यात घाला. सोनारान कडी लायली की झाला."
हे सोन्याचं नाणं ह्यांनी शेवटच्या रजेला इजिप्तच्या बंदरातून आणलेलं. बाईचा चेहरा, डोक्यावर नाग. नाग बघून सासूबाईंनी तिला गावची सातेरी, वारुळातली देवी, ठरवली. तेव्हापासून रोज हळदकुंकू.
हे परत गेले ते गेलेच. लढाईतली बोट, खाली भट्टीवर काम. बोट बुडाली. काही हाती लागलं नाही.

ता. १९
वाचनालयातून जुन्या नाण्यांचं पुस्तक आणलं. पान उलटलं. आमची देवी! तोच नाग, मागे तीच पंखवाली बाई. ही ग्रीकांची युद्धाची देवी. आणि मागची अक्षरं, जी आम्ही मंत्र समजून धूत आलो, ते शिकंदराचं नाव.

ता. २०
पुन्हा वाचलं. इराणच्या राजाचे खजिने लुटले, सोनं वितळवून आपल्या नावाची नाणी पाडली, शिपायांना वाटली. शहरं जाळली. बायकापोरं विकली. हरलेल्या माणसाने पीठ घ्यायचं तेही त्याच्याच नावाच्या नाण्याने!
शिसारी आली.

ता. २२
ट्रंकेतून ह्यांचा बिल्ला काढला. लढाई संपल्यावर आला होता, नवऱ्याच्या बदल्यात. त्यावर साहेबाचा राजा. बिल्ल्यावरचा राजा नि नाण्यावरची बाई, दोघांची तोंडं बाजूला वळलेली. देवळातल्या सातेरीचा मुखवटा समोर बघतो, नवस बोलणारीच्या डोळ्यांत. हे कोणाकडेच बघत नाहीत. बिल्ला मी पहिल्याच दिवशी ट्रंकेत टाकला, आणि ह्या नाण्यापुढे मात्र रोज वाकत राहिले. माझीच मला किळस.

ता. २७
सासूबाईंना सांगितलं. शांतपणे ऐकलं. मग, "वारुळात नाग येता तो काय नाव सांगान येता? माजो झील घेवन इलो, माका तितक्या पुरे."
जाऊ फणकारली, "पुस्तकां वाचून तुमका देवय दिसनत नाय, वयनी!"


ता. ३ फेब्रु.
विहिरीवर सुमनने गाठलं. "काकी, माका खरा सांग. घालू काय नको?"
सगळं सांगितलं. कळशी भरून वाहत होती, तिचं लक्ष नव्हतं.
"माणसां मारणाऱ्याचा नाव माका गळ्यात नको." जरा थांबून, "पण काकाचा दुसरा काय आसा गो आपल्याकडे?"
काही नाही. फोटोसुद्धा नाही.

ता. ५
वितळवून साधे मणी करावेत, असं मनात आलं. नाव जाईल. पण शिकंदरानेही हेच केलं ना, दुसऱ्यांचं सोनं वितळवलं. आणि नावाबरोबर ह्यांनी पारखून घेतलेलं, घामेजल्या हाताने माझ्या ओंजळीत ठेवलेलं, तेही...

ता. ६
सोनार आला. ओटीवर शेगडी पेटवली. "बाय, कडी लावू काय इतळवू?"
सुमन दारात. सासूबाई खाटेवरून कान देऊन. नाणं माझ्या मुठीत. मूठ उघडेना.
"फाल्या ये," म्हणून उद्यावर टाकलं. पुटपुटत गेला.
स्वयंपाकघरात येऊन मूठ सोडली. तळव्यात अक्षरं रुतली होती, उलटी. बराच वेळ चोळली. अजून आहेत.