बाबांचा ओला रुमाल

तीर्थरूप आईस नमस्कार,

फोनवर तुझा आवाज भरून येतो आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहितोय. आधी हे वाच: बाबा बरे आहेत.

परवा किमोसाठी गेलो. हॉस्पिटलच्या दारावरचा माणूस प्रत्येकाच्या कपाळाला मशीन लावून ताप बघत होता. ताप निघाला की साथीच्या रुग्णांच्या इमारतीत पाठवतात, या धास्तीने बाबांनी गाडीत बसल्यापासून ओला रुमाल कपाळावर धरला होता. मला म्हणाले, "उकडतंय रे." मशीन फसलं. आत गेल्यावर त्यांनी मला चक्क डोळा मारला! तुझा नवरा या वयात कॉपी करायला शिकलाय.

नर्सने काखेत थर्मामीटर लावलं, तर एकशे दोन. ती ओरडलीच, "आजोबा, किमोमुळे अंगात लढायला काही उरलेलं नसतं. तुम्ही ताप लपवायचा नाही, बोंबलून सांगायचा!" लगेच सलाईनमधून औषध सुरू केलं, वेगळ्या खोलीत ठेवलं. साथीची तपासणीही केलीय, निकाल यायचाय. मी काचेबाहेरून बघतो. आज त्यांनी हात हलवला, कालच्यापेक्षा जरा हळू.

तू वेळेवर जेवतेस ना? ताई येते का सोबतीला?

सकाळपासून मलाही कणकण वाटतेय. उन्हात उभा होतो, त्याचंच असेल. पण इतके दिवस बाबांना मीच भरवत होतो, ते सारखं मनात येतं.

उद्या दारावर पुन्हा मशीन लावतील. बाबांचा रुमाल माझ्याच खिशात आहे. कोरडा ठेवलाय.

तुझा,
धाकटा