आईला चूल नको होती

बाबा, या हिवाळ्यात मी घरात शेगडी बसवून घेतली. घर लहानच आहे, जुन्या विटांचं, आणि गरम पाण्याचे रेडिएटर कितीही तापवले तरी बैठकीच्या खोलीत पाय गारच राहायचे. बसवायला आलेला माणूस म्हणाला, हल्ली कोळसा कोण जाळतो, पेलेट्सवर चालणारी घ्या. लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, शेंगदाण्याएवढ्या गोळ्या असतात त्या. वरच्या डब्यात पिशवी रिकामी करायची आणि बटण दाबायचं. गोळ्या आपोआप खाली पडतात, आपोआप पेट घेतात. फुंकायला नको, सळईने ढोसायला नको, आणि राख निघते ती मूठभर. पहिल्यांदा ती पेटली तेव्हा मी तिच्यासमोर मांडी घालून बसले आणि मला एकदम तुमची पाठ दिसली. वेल्समधल्या घरातली, सकाळची पाठ. तुम्ही गुडघ्यांवर बसला आहात, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, राख लागू नये म्हणून टाय खांद्यावरून मागे टाकलेला. हॉस्पिटलला जायला उशीर होतो आहे आणि तुम्ही निखाऱ्याकडे अशा काळजीने बघता आहात, जसा तो वॉर्डातला एखादा पेशंट.

ते घर आठवतं ना तुम्हाला? टेकडीच्या उतारावर एकाला एक चिकटलेल्या दगडी घरांची रांग, त्यातलं शेवटून दुसरं. घर घेतलं त्या दिवशी आई सगळ्या खोल्यांतून फिरली आणि पुढच्या खोलीत येऊन थबकली. भिंतीतल्या कोनाड्यात ती बसलेली होती, काळी, बिडाची, काचेचं दार असलेली कोळशाची शेगडी. घर तापवायचं साधन तेवढंच. आई म्हणाली, "म्हणजे सात समुद्र ओलांडून आले ते पुन्हा चुलीपुढेच का?" हसत म्हणाली, पण तिचे डोळे भरले होते. वर्ध्याकडच्या तिच्या गावात ती शाळेत जायच्या आधी चूल पेटवायची, ओल्या लाकडांच्या धुराने डोळे लाल करून वर्गात बसायची, आणि एका बाईंनी तिला सगळ्यांदेखत मागच्या बाकावर पाठवलं होतं. का, तर अंगाला धुराचा वास येतो. मागे पाठवायला त्यांना धुराचं निमित्त पुरलं, असं आई म्हणायची. लग्न ठरलं तेव्हा तिने तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती. मी चूल फुंकणार नाही. आता त्या शेगडीपुढे तुम्ही म्हणालात, "शब्द दिलाय मी तुला. ही माझी. तू हात लावायचा नाहीस."

आणि तिने खरोखर कधी हात लावला नाही. तुम्ही रात्रपाळी करून आलात तरी कोट न काढता आधी शेगडीपुढे बसायचात. आई वरच्या खोलीत गोधडीत शिरून माझी वेणी घालायची. खिडकीच्या काचेवर आतल्या बाजूने बर्फाची नक्षी असायची. खालून सळईचा आवाज यायचा, मग दार लावल्याचा, आणि थोड्या वेळाने तुमची हाक, "या आता, खाली उन्हाळा झाला."

मला त्या शेगडीची लाज वाटायची, हेही तुम्हाला ठाऊक होतं. शाळेतल्या मैत्रिणींकडे भिंतीवर पांढरे रेडिएटर होते. मी एकदा चहा पिताना म्हणाले, "डॉक्टरचं घर आहे आपलं, आणि कपड्यांना कोळशाचा वास." तुम्ही कप खाली ठेवलात. तुमचा आवाज चढला नाही. "दिवसभर मी ज्यांच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो ना, त्यांनी खाली जाऊन काढलेला आहे हा कोळसा. त्यांना जिना चढवत नाही आता. आपण त्याची ऊब घेतो. नावं ठेवायची नाहीत." आई माझ्या बाजूने काही बोलेल असं मला वाटलं होतं. ती उठून पोळ्या लाटायला गेली. पुढे खाणकामगारांचा संप लांबला त्या हिवाळ्यात आपल्या रांगेतल्या धुराच्या चिमण्या एकेक करून बंद पडल्या. कोळसा काढणाऱ्यांच्याच घरात कोळसा नव्हता. आपल्या परसातल्या कोठीत होता. तुम्ही सकाळी बादली भरून शेजारच्या आजींच्या दारात ठेवायचात आणि बेल न वाजवता परत यायचात. त्यांचा नवरा तुमच्याच वॉर्डात गेला होता.

आई गेली ती नोव्हेंबरातल्या एका सकाळी. तुम्ही शेगडी पेटवून कोट चढवत होतात, आणि स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. मेंदूत रक्तस्राव. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं होतं. मी लग्नानंतरच्या घरून, इंग्लंडातल्या बेसिंगस्टोकहून, पोचले तेव्हा तुम्ही हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये उभे होतात, त्याच हॉस्पिटलच्या जिथे सगळे तुम्हाला वाट देत असत, आणि तुम्हाला कुठे बसावं ते सुचत नव्हतं. अंत्यविधी झाल्यावर मी तुम्हाला थेट माझ्याकडे घेऊन गेले. दिवसभर तुम्ही खिडकीशी बसून असायचात. माझा नवरा तुमच्याशी हवापाण्याचं बोलायचा. नवं वर्ष लागलं आणि तुम्ही म्हणालात, रजा संपली, मला जायला हवं.

मग फोन आला तो शेजारच्या आजींचा. "लव्ह, तुझ्या डॅडच्या चिमणीतून धूर येत नाही. आल्यापासून एकदाही नाही. मी दार वाजवलं तर म्हणतात, ऑल राइट. ऑल राइट नाहीयेत ते."

मी आले. दार तुम्ही उघडलंत ते ओव्हरकोटमध्ये. स्वयंपाकघरात एक छोटा विजेचा हीटर, त्याच्यासमोर खुर्ची, खुर्चीवर आईची शाल. मी विचारलं, "अहो बाबा, शेगडी का नाही पेटवली?" तुम्ही म्हणालात, "मला कुठे एवढी थंडी वाजते." बोलताना तुमच्या तोंडातून वाफ येत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बसले तिच्यापुढे. वर्तमानपत्राचे बोळे कोंबले, ढलप्या रचल्या, काडी ओढली. आत जुनी राख गच्च भरलेली होती, खालून हवा यायला जागा नव्हती. खोलीभर धूर झाला. तुम्ही जिन्यातून ओरडलात, "हात लावू नकोस तिला!" उभ्या आयुष्यात तुम्ही माझ्यावर ओरडला नव्हतात. आणि मी, चांगली तिशीतली बाई, जमिनीवर बसून रडायला लागले. "घर गोठलंय बाबा. मला थंडी वाजतेय. तिकडे तो सोडून गेला, आणि इथे आले तर इथेही..." ही बातमी मी तुम्हाला अशी सांगायची ठरवली नव्हती. खरं तर सांगायचीच ठरवली नव्हती.

तुम्ही पायरीवर बसलात. विचारलंत, "केव्हा?"

"तुम्ही परत आलात त्यानंतर लगेच."

"म्हणजे मी होतो तोवर थांबला," तुम्ही म्हणालात. "तेवढं तरी केलं म्हणायचं."

मग उठलात. धूर जावा म्हणून खिडकी वर सरकवलीत आणि माझ्या शेजारी गुडघ्यांवर बसलात. तुमच्या गुडघ्यांचा आवाज झाला. शेगडीचं दार उघडून तुम्ही आत बघत राहिलात. "ही राख त्या सकाळची आहे," तुम्ही म्हणालात. "मी शेगडी पेटवली तेव्हा तुझी आई आत पोहे करत होती. फार कांदा घालू नको, असं म्हणालो होतो. त्यानंतर ही काढली नाही. पेटवायची म्हणजे आधी काढावी लागणार." एवढंच. परत आल्यापासून तुम्ही थंडीत का बसला होतात ते मला त्या एका वाक्यात कळलं. तुम्ही खालचा ट्रे हळूच ओढलात. राख जराही उडू दिली नाहीत. दोन्ही हातांनी ट्रे धरून दाराबाहेर गेलात. रात्रीच्या दवाचा रस्त्यावर काचेसारखा बर्फ झाला होता. तुम्ही ती राख आपल्या दारापासून आजींच्या दारापर्यंत फूटपाथवर पसरलीत, सगळे पसरतात तशी, पाय घसरू नये म्हणून. आजी दूध घ्यायला बाहेर आल्या आणि तिच्यावरून चालत गेल्या. "बी केअरफुल," तुम्ही त्यांना म्हणालात, आणि बराच वेळ बाहेरच उभे राहिलात.

आत येऊन तुम्ही हात धुतले, बाह्या दुमडल्या आणि शेगडी पेटवलीत. ज्योत धरल्यावर मला म्हणालात, "अशी लांब काय बसलीस, पुढे ये." नवऱ्याबद्दल तुम्ही त्यानंतर एकही प्रश्न विचारला नाही. मी फेब्रुवारी संपेपर्यंत राहिले. रोज सकाळी तुमची हाक यायची, पण उन्हाळा हा शब्द तुम्ही पुन्हा वापरला नाहीत. नुसतं "ये खाली" म्हणायचात.

तुम्ही गेलात ते पुढे काही वर्षांनी, झोपेत, मार्चमध्ये. मी घराचं कुलूप उघडलं तेव्हा शेगडी मांडून ठेवलेली होती. ट्रे रिकामा, बोळे, ढलप्या, वर कोळसा, नुसती काडी ओढायची बाकी. आदल्या संध्याकाळी तुम्ही दुसऱ्या सकाळची तयारी केली होती. मी ओव्हरकोट न काढता तिच्यासमोर उभी राहिले. पेटवली नसती तर ती तशीच राहिली असती, तुमच्या हातची. पण दुपारी रांगेतली माणसं सँडविचेस घेऊन येणार होती, म्हाताऱ्या बाया होत्या, दम्याचे पुरुष होते, तुमच्या वॉर्डातले. मी काडी ओढली. एकाच काडीत पेटली. माणसं आली, बसली, एकजण म्हणाला की डॉक्टर माझं नाव कधी विसरले नाहीत. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती आपोआप विझली.

घर विकलं. ज्यांनी घेतलं त्यांनी ती काढून टाकली असेल.

हे पत्र मी पाठवणार नाही, पाठवायचं तरी कुठे. काल रात्रीपासून लिहिते आहे आणि मधेमधे शब्द अडतात. माझं मराठी आता कुणाच्या कानावर पडत नाही. नंतर झालेली माझी मुलगी इंग्रजीत बोलते, मीही. तेव्हा खरं सांगून टाकते, बाबा. आईबद्दल आणि त्या राखेबद्दल लिहायचं असं काही मनात नव्हतं. मी जिच्याशी किंवा ज्याच्याशी अहो म्हणून बोलावं असं या घरात कुणी उरलेलं नाही. मला नुसतं ते एकदा म्हणायचं होतं. अहो बाबा.